चमत्काराच्या पुढचं वाक्य

प्रिय सोनू,

परवा रात्री वाचन संपल्यावर तू विचारलंस, "आई, आपण त्याच त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा का वाचतो? आणि त्याही मराठीत, मोठ्याने? याईराच्या मुलीची गोष्ट मला पाठ आहे. पण मी कुणाला मेलेल्यातून उठवू शकत नाही. पाच भाकरींत पाच हजार माणसांना जेवू घालू शकत नाही. मग ह्या गोष्टींचं मी शाळेत जाऊन करायचं काय?"

हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लहान आहे, दुसऱ्याचं मोठं. बोलताना माझं अर्धं राहून जातं, म्हणून लिहून देते.

मराठी ख्रिस्ती माणसांना ह्या गोष्टी आधी कानांनी मिळाल्या. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, तिथली भाषा शिकला आणि त्याने ख्रिस्ताची सगळी कथा ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा भाग, छापून निघायला त्यानंतरही जवळजवळ दोनशे वर्षं लागली. ओवी मनातल्या मनात वाचायची नसतेच, एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूवर अभंग लिहिले, कीर्तनं केली. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान ठाऊकच असतं. शेवट काय होतो ते कळावं म्हणून तिथे कुणी येत नाही. ठाऊक असलेल्या गोष्टीत आज आपण कुठे आहोत, हे बघायला माणसं येतात. आपलं रात्रीचं वाचन त्याच घराण्यातलं आहे. इथे दिवसभर तू दुसऱ्या भाषेत जगतेस, ते ठीकच आहे. पण प्रभूचं बोलणं तुझ्या आजीच्या तोंडी ज्या भाषेत होतं, त्या भाषेत ते तुझ्या कानावर पडावं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा प्रश्न. तुझी आजी आम्हा भावंडांना वाचून दाखवायची तेव्हा चमत्कार झाला की आम्ही उठायला लागायचो. मुलगी जिवंत झाली, संपली गोष्ट. आजी म्हणायची, "बसा. पुढचं वाक्य राहिलंय." तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. आज मला वाटतं, ख्रिस्ती माणसाने रोज कसं जगावं हे तिने त्या एका सवयीत आम्हाला शिकवलं.

याईराचीच गोष्ट घे. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची; त्यातल्या मार्कच्या पाचव्या अध्यायात ती आहे. सभास्थानाचा अधिकारी, मोठा माणूस, येशूच्या पाया पडतो. मुलगी बारा वर्षांची आहे, शेवटच्या घटका मोजते आहे. वाटेत गर्दीत एक बाई येशूच्या वस्त्राला हात लावते. तिचं दुखणंही बारा वर्षांचं, म्हणजे त्या मुलीचा जन्म झाला तेव्हापासूनचं. येशू तिच्यासाठी थांबतो. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. घरी रडारड चाललेली असते. "ती मेली नाही, झोपली आहे," असं येशू म्हणतो तेव्हा लोक हसतात. तो तिचा हात धरतो, "मुली, ऊठ" म्हणतो, आणि ती उठून चालायला लागते. सगळे थक्क होतात.

आणि मग पुढचं वाक्य: तिला काहीतरी खायला द्या.

बघ ना. आईबाप आणि तिघा शिष्यांच्या डोळ्यांपुढे मरणावर विजय झाला आहे. आईबाप वेडे झाले असतील आनंदाने. त्या गडबडीत मुलीला भूक लागली असेल हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते प्रभूच्या ध्यानात आलं. आणि ते काम त्याने स्वतः केलं नाही. ज्याने मेलेलीला उठवलं त्याला एक घास भरवणं काय जड होतं? पण ते त्याने घरच्यांवर सोपवलं.

आजीचं म्हणणं असं होतं, आणि माझंही तेच आहे: चमत्कार प्रभूचा, पुढचं वाक्य आपलं. तो आपल्याकडे मेलेल्यांना उठवण्याचं काम मागत नाही. तो उठवतो, आणि ताट वाढायचं काम आपल्याला देतो. तू म्हणालीस, मी काय करायचं? हे करायचं.

ही नजर घेऊन वाचायला लागलीस की जागोजागी तुला ते वाक्य सापडेल. पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पण जवाच्या भाकरी घेऊन आलेला मुलगा फक्त योहानाने नोंदवला, आणि जेवणं झाल्यावर येशू शिष्यांना काय म्हणाला तेही त्यानेच: उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका. इतकं अन्न ज्याच्या हातून आलं तोच उष्ट्यापाष्ट्याची काळजी करतो! बारा टोपल्या भरल्या हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. त्या टोपल्या भरायला कुणीतरी गवतावर वाकत फिरलं होतं, ते मात्र आपण सांगत नाही. छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती उठला, त्याला प्रभूने सांगितलं की आपली बाज उचल आणि घरी जा. जी बाज आजवर त्याला वाहत होती ती आता त्याने वाहायची. गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्ताला येशूबरोबर नावेत बसून जायचं होतं. कुणाला वाटलं नसतं? येशूने त्याला नेलं नाही. तुझ्या घरी, तुझ्या माणसांकडे जा, असं म्हणाला. ज्या घरातल्यांनी त्याला साखळ्यांत बघितलं होतं त्यांच्यातच जाऊन रोज राहायचं, हे काम नावेतून प्रवास करण्यापेक्षा फार अवघड आहे.

पण मला सर्वांत जास्त शिकवते ती लाजराची गोष्ट. त्याच्यावर थोडं जास्त लिहिते, कारण गेल्या आठवड्यात तू तुझ्या वर्गातल्या त्या मुलाबद्दल सांगितलंस.

लाजर हा येशूचा मित्र, तो चार दिवस कबरेत होता. येशू हाक मारतो, "लाजरा, बाहेर ये," आणि तो बाहेर येतो. पण कसा येतो? हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले, तोंड रुमालाने गुंडाळलेलं. जिवंत आहे आणि गुंडाळलेलाही आहे. आता पुढचं वाक्य, आणि ते लाजराला उद्देशून नाही, भोवती उभ्या असलेल्या लोकांना आहे: ह्याला मोकळा करा आणि जाऊ द्या.

जीव परत आणणं माणसाच्या हातात नव्हतं, ते येशूने केलं. पट्ट्या सोडणं माणसांच्या हातात होतं, आणि त्यांनी त्या सोडल्या नसत्या तर लाजर तसाच उभा राहिला असता. मला त्या लोकांचा विचार येतो. चार दिवसांच्या प्रेताला लागलेलं कापड. त्याच्या बहिणीने, मार्थेने, आधीच म्हटलं होतं की आता दुर्गंधी येत असेल. कुणीतरी आधी पुढे झालं असेल, हात लावला असेल.

त्या मुलाने गेल्या वर्षी कुणाच्या तरी दप्तरातून पैसे घेतले होते, कबूल केलं, परत दिले, आणि तेव्हापासून नीट वागतो, असं तूच सांगितलंस. तरी अजून वर्गात काही हरवलं की सगळे त्याच्याकडे बघतात. सोनू, तो बाहेर आलेला आहे. प्रभूने त्याला हाक मारली आणि तो आला, ह्यावर माझा विश्वास आहे. पण अंगावरच्या पट्ट्या त्याला स्वतःला सोडता येणार नाहीत, कारण त्या तुमच्या नजरेत आहेत. मधल्या सुट्टीत तू त्याच्या शेजारी बसलीस तर एक पट्टी सुटेल. येशूला बघायला झाडावर चढलेला जक्कय नावाचा जकातदार खाली उतरला तेव्हाही लोक कुरकुरले होते की हा पापी माणसाकडे उतरायला गेला. येशू तरीही त्याच्या घरी गेला. सगळ्यांच्या देखत शेजारी बसणं हे किती मोठं असू शकतं, ते जक्कयाच्या पुढच्या बोलण्यावरून कळतं: अर्धी संपत्ती गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट.

आता एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण तुझ्या मनात आहे असं मला वाटतं. आजी आजारी होती तेव्हा आपण फोनवर तिच्यासाठी याईराचीच गोष्ट वाचली होती. आणि आजी गेली. ती बारा वर्षांची मुलगी उठली, मग आजी का नाही?

ह्याचं उत्तर मी तुला गोड करून सांगणार नाही. का नाही, हे मला शुभवर्तमानात लिहिलेलं सापडत नाही. सापडतं ते एवढं: लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. म्हणजे पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या माणसाने रडू नये असं कुणी तुला सांगितलं, तर ते प्रभूच्या वागण्याशी जुळत नाही. आणि लाजर, याईराची मुलगी, दोघेही पुढे कधीतरी मेलेच असणार. त्यांचं उठणं ही खूण होती, आपली आशा ईस्टरच्या सकाळवर, येशू स्वतः कबरेतून उठला त्या सकाळवर आहे. ती आशा मी धरून आहे, आणि आजीही धरून होती.

आजी गेल्यावर आपल्याला इथून वेळेवर पोचता आलं नाही, तुला आठवतं. तेव्हा इथल्या मंडळीतल्या बायका आळीपाळीने घरी आल्या. कुणी पवित्र शास्त्रातलं वचन सांगितलं नाही. स्वयंपाकघरात शिरल्या, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि मी जेवेपर्यंत बसून राहिल्या. तिला काहीतरी खायला द्या, ह्या वाक्याचा अर्थ मला लहानपणापासून पाठ होता. त्या दिवशी ते वाक्य माझ्यासाठी कुणीतरी पाळलं.

सगळ्याच गोष्टींत चमत्कार नसतो, हेही लक्षात ठेव. चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांपैकी एकाच्या, दाखल्यात एकही चमत्कार नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट, अर्धमेला पडलेला माणूस, तेल, द्राक्षारस, पट्टी, स्वतःचं जनावर, एक उतारशाळा. दुसऱ्या दिवशी तो शोमरोनी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. ह्याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून तो आपल्या कामाला निघून जातो. हे मला फार दिलासा देतं. तो सगळं सोडून त्या माणसापाशी महिनाभर बसला नाही. जेवढं त्याच्या हातात होतं ते केलं, पुढचं दुसऱ्याला सोपवलं, आणि परत येण्याचा शब्द दिला. तुझ्यासारख्या मुलीला, जिला कुणाचंही दुःख दिसलं की सगळं आपणच निस्तरायला हवं असं वाटतं, हे मुद्दाम सांगते.

आणि काही गोष्टींत पुढचं वाक्य लिहिलेलंच नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा घरी येतो, मेजवानी सुरू होते, आणि थोरला रुसून बाहेर उभा राहतो. बाप बाहेर येतो, त्याची समजूत घालतो: बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, जे माझं ते सगळं तुझं. इथे लूक थांबतो. थोरला आत गेला का? सांगितलेलं नाही. तू आणि दादा भांडता तेव्हा मला हा दाखला आठवतो, कारण कोणत्या दिवशी कोण थोरला आणि कोण धाकटा हे बदलत असतं. नेहमी चांगलं वागणाऱ्याला, आपल्यासाठी कधी काही साजरं झालं नाही असं वाटतं. ते वाटणं खोटं नसतं. बाप त्याला रागवत नाही, हे बघून ठेव. घरात पाहुणे असताना तो थोरल्यासाठीही बाहेर आला.

आज रात्री योहानाचा दुसरा अध्याय आहे, काना गावचं लग्न. त्यात दगडाचे सहा मोठाले रांजण आहेत, एकेकात ऐंशी-शंभर लिटर पाणी सहज मावेल असे, आणि चाकरांनी ते काठोकाठ भरले. येशूने त्या पाण्याचा द्राक्षारस केला. इथे माणसांचं काम चमत्काराच्या आधी आलं आहे. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळलं नाही, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना माहीत होतं. तू मोठ्याने वाच, आणि त्यांच्याबद्दल तुला काय वाटतं ते मला सांग.

तुझी आई