आयबीएम 360 ची ती लाल मूठ: केबल खरंच कापली जायची का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आयबीएमच्या सिस्टिम/360 या जुन्या, खोलीभर पसरणाऱ्या मेनफ्रेम संगणकाच्या पॅनेलवर उजवीकडे वर असलेली 'इमर्जन्सी पुल' ही लाल मूठ ओढली की आत पातं पडून मुख्य केबल तुटायची, हे खरं का? आणि तुमच्या मित्राने विकत घेतलेल्या जुन्या पॅनेलची मूठ बाहेर अडकली आहे, ती ढकलून आत बसवावी का?

पात्याची गोष्ट दंतकथा आहे. तिचे अवतारही बरेच. 360/91 या मॉडेलमध्ये म्हणे वीज न वाहणारा बोल्ट थेट मेन लाइनमध्ये झाडला जायचा! ऐकायला झकास, पण भरल्या प्रवाहाची जाड केबल तोडली तर त्या जागी आर्क, म्हणजे विजेची मोठी ठिणगी, पेटतो. आग टाळायला लावलेल्या वस्तूने स्वतःच जाळ करायचा?

खरी रचना बरीच साधी होती. 1964 मध्ये जाहीर झालेली 360 म्हणजे एक पेटी नव्हे. सीपीयू, डिस्क, टेप, प्रिंटर, त्यांची कंट्रोल युनिट्स अशी खोलीभर कपाटं, आणि अनेकांना आपापला वीजपुरवठा. त्यामुळे भिंतीवरच्या एका मेन स्विचने काम भागत नसे. मुठीमागचा स्विच फक्त कमी व्होल्टेजची कंट्रोल लाइन तोडायचा. ही लाइन तुटली की प्रत्येक कपाटातले काँटॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारे-तोडणारे स्विच) सुटायचे आणि सगळी यंत्रणा एकदम बसायची. दुसऱ्या यंत्रणेशी वाटून घेतलेली उपकरणंसुद्धा त्यात आली.

मूठ बाहेर आली की तिथेच अडकायची, आणि ती बाहेर असेपर्यंत 'पॉवर ऑन' दाबून काही होत नसे. आत बसवायचं काम फक्त देखभालीच्या माणसाचं, असं आयबीएमच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. रेल्वेच्या डब्यातली साखळी आठवा: ओढायची कुणीही, पूर्ववत करायची रेल्वेच्या माणसाने. धूर येतोय म्हणून एकाने मूठ ओढली आणि पुढच्या पाळीच्या ऑपरेटरने काही न बघता मशीन चालू केलं, असं होऊ नये म्हणून हा बंदोबस्त.

रोजच्या वापराला 'पॉवर ऑफ' वेगळं होतं, आणि फरक फक्त शिस्तीचा नव्हता. मेमरी चुंबकीय कोअरची, म्हणजे बारीक चुंबकीय कड्यांची. वीज गेली तरी मजकूर टिकतो, पण कोअर वाचताना पुसला जातो आणि लगेच परत लिहावा लागतो. नेमकं त्या दोन क्रियांच्या मध्ये वीज गेली तर तेवढा मजकूर गेलाच. 'पॉवर ऑफ' दाबलं की यंत्रणा क्रमाने बंद व्हायची आणि मुख्य मेमरीतला मजकूर शाबूत राहायचा. लाल मुठीकडून तशी अपेक्षा धरू नये.

जुनी मशीन्स दुरुस्त करणाऱ्यांनी यापुढचं नीट वाचा. ही मूठ वीज तोडते ती प्रत्येक युनिटच्या पॉवर-एन्ट्री टर्मिनलच्या (बाहेरची वीज आत येते त्या जोडाच्या) पुढची. त्या टर्मिनलपर्यंतची तार जिवंतच असते, आणि पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो तो वेगळाच. मूठ ओढली म्हणजे आत हात घालायला मोकळे, असं समजू नका. भिंतीकडचा पुरवठा काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा, मीटर लावून बघा.

संगणकाच्या खोलीच्या दाराशीही असं बटण आलं. 1959 मध्ये पेंटागॉनमधल्या हवाई दलाच्या संगणक केंद्राला मोठी आग लागल्यावर अमेरिकेत संगणक-खोल्यांच्या अग्निसुरक्षेकडे गांभीर्याने पाहिलं गेलं. पळताना हाताशी असावं म्हणून बटण दाराजवळ, आणि दाराजवळ म्हणून दार उघडायचं बटण समजून दाबणारेही निघाले. त्यावर उपाय म्हणजे प्लास्टिकचं झाकण. त्याला 'मॉली-गार्ड' म्हणतात. एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या छोट्या मुलीने आयबीएम 4341 या मेनफ्रेमचं लाल बटण एका दिवसात दोनदा दाबलं, त्यावरून हे नाव पडलं अशी गोष्ट सांगतात. पात्याच्या गोष्टीपेक्षा ही मला पटते.

आता मित्राची मूठ. जोर लावून अजिबात ढकलू नका, अडकून राहण्यासाठीच ती बनवली आहे. पॅनेल मागून उघडा, आतली खिट्टी सोडवा, मग मूठ आत जाईल. तारा सुट्या करण्याआधी फोटो काढून ठेवा. पॅनेल नुसतं भिंतीवर टांगायचं असेल तर मूठ बाहेरच राहू दे, काही बिघडत नाही.