डॅशहाउंड आणि लिफ्ट नसलेला तिसरा मजला

प्रश्न : आम्ही ठाण्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. आम्ही दोघं नोकरी करतो. घरी सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असतात. डॅशहाउंड जातीच्या कुत्र्याला जागा कमी लागते, केसांची कटकट नसते असं ऐकलंय. घ्यावा का?

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. आखूड केसांच्या डॅशहाउंडला आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश फिरवला आणि महिन्याकाठी एक आंघोळ घातली की पुरतं. नाक चपटं नसल्यामुळे पगपेक्षा उन्हाळाही त्याला बरा सोसतो. घोडं अडतं ते जिन्यापाशी.

या जातीचे पाय ज्या जनुकीय बदलामुळे आखूड राहतात, त्याच बदलामुळे मणक्यांमधल्या गाद्याही अकाली कडक होतात. साधारण चार-पाच डॅशहाउंडमागे एकाला आयुष्यात कधीतरी पाठीचा त्रास होतो, बहुधा वयाच्या ३ ते ७ वर्षांत. आता तुमचा जिना पाहा. कुत्र्याची खांद्यापाशी उंची २० ते २३ सेंमी आणि छाती जमिनीपासून जेमतेम ७ सेंमी वर. पायरी १५ ते १७ सेंमीची. तीन मजल्यांच्या साठेक पायऱ्या धरल्या, तर दिवसाच्या चार फेऱ्यांत २४० चढायच्या आणि २४० उतरायच्या. दारापुढच्या दोन-चार पायऱ्यांनी काही बिघडत नाही, पण हा हिशेब वेगळा आहे. फिरायलाच न नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. स्नायू ढिले पडले की पाठीचा उरलासुरला आधारही जातो.

म्हणजे उचलून न्यायचं. वाढलेला कुत्रा ८ ते १० किलोचा, कधी त्याहून जड. एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. काखेत धरून लोंबकळत उचलायचं नाही, आणि मुलाने तर अजिबात उचलायचं नाही. सकाळ, संध्याकाळ, रात्र तुम्ही दोघं वाटून घ्याल. दुपारी सासूबाईंना हे जमणार नाही. तेव्हा बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवून पिल्लाला पहिल्या दिवसापासून त्याची सवय लावावी लागेल. ही जात शी-शूच्या शिस्तीत हट्टी असते. सहा महिने धीर धरायची तयारी हवी.

घरातही दोन गोष्टी कराव्या लागतील. गुळगुळीत फरशीवर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत सतरंज्या किंवा रबरी मॅट अंथरा. ४५ सेंमी उंच सोफ्याला किमान सव्वा मीटर लांबीची फळी लावा, वर काथ्याची चटई चिकटवा. फळी आखूड असली की चढ उभा होतो, मग कुत्रा तिच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ उडी मारतो.

सासूबाईंशी खाण्याबद्दल आधीच बोलून घ्या, कारण वजन वाढलं की पाठ गेलीच. ९ किलोच्या कुत्र्याला दिवसाला ५५०च्या आसपास कॅलरी लागतात. तूप लावलेली एक पोळी सुमारे १२० कॅलरींची, म्हणजे दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा! शिऱ्यातले बेदाणे आणि पोह्यांतला कांदा तर विषारीच. बोटं फिरवल्यावर फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे.

आवाज मात्र लहान नाही. जर्मनीत हा कुत्रा बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात शिरण्यासाठी तयार केला गेला. जमिनीखालून वरच्या शिकाऱ्याला ऐकू जाईल असं तो भुंकतो. शेजारी जिना चढले की हे ऐकावं लागणार. उंदीर दिसला तर मागे लागणारच, म्हणून लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लस दरवर्षी चुकवू नका, आणि इमारतीत उंदरांचं औषध कुठे टाकलंय तेही विचारून ठेवा. जेवताना किंवा झोपेत डिवचलं तर हा चावतो, हे मुलाला पिल्लू आणण्याआधी शिकवा.

आमचं मत : ट्रे, फळी आणि उचलणं, तिन्हीला घरातल्या सगळ्यांचा होकार असेल तरच घ्या. एकावरही ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं, तर तुमच्या जिन्याला लांब पायांचं लहान गावठी पिल्लू जास्त शोभेल.

प्रश्न : विक्रेता म्हणतो पिल्लू ‘मिनिएचर’ आहे, म्हणून किंमत दुप्पट. खरं-खोटं कसं ओळखायचं?

उत्तर : पिल्लाकडे बघून ओळखता येत नाही. मिनिएचर म्हणजे वर्षाचा झाल्यावर ५ किलोच्या आत. आई दाखवा म्हणा, आणि जमलं तर बापही. आई ९ किलोची दिसली तर विषय संपला. आकार छोटा दिसावा म्हणून पाच आठवड्यांचं पिल्लूही गळ्यात मारतात. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे हवी. ठिपकेदार, चट्ट्यापट्ट्यांच्या रंगाचं पिल्लू असेल तर आईबाप दोघंही त्याच रंगाचे नाहीत ना, ते पाहा. अशा जोडीची पिल्लं बहिरी किंवा आंधळी निपजू शकतात.

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा डॅशहाउंड कालपासून पाठ कमानीसारखी करून थरथरतो, उचललं की केकाटतो. तेल लावून शेकलं तर चालेल?

उत्तर : मालिश नको, शेकही नको. सरकलेली गादी चोळण्याने आणखी सरकू शकते. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन असो वा डायक्लोफेनॅक, देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पिंजऱ्यात किंवा खोक्यात ठेवून आजच डॉक्टरकडे न्या, तेही सपाट फळीवर. मागचे पाय लडखडायला लागले किंवा पंजा उलटा टेकायला लागला, तर तासांचा प्रश्न असतो. पाय पूर्ण लुळे पडले तर शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत, तितकी चालायची आशा जास्त. त्रास सौम्य असेल तर डॉक्टर बहुधा औषधं आणि ४ ते ६ आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती सांगतील. शी-शूपुरतंच बाहेर, तेही उचलून. औषधाने दुखणं दबलं की आठवडाभरात तो उड्या मारायला बघेल. पिंजऱ्याची कडी तेव्हाच जास्त सांभाळायची.