‘मला शिवू नकोस’मधले ‘शिवणे’

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 20) पुनरुत्थानानंतर येशू मग्दालिया मरीयेला ‘मला शिवू नकोस’ म्हणतो, आणि आठच दिवसांनी थोमा या शिष्याला कुशीतल्या जखमेत हात घालायला सांगतो. हे कसे?

घोळ बराचसा ‘शिवणे’ या शब्दाचा आहे. मूळ ग्रीक शब्द आहेत ‘मे मू हाप्तू’. ‘हाप्तोमाय’ म्हणजे स्पर्श करणे, तसेच धरणे, बिलगणेही. मार्काच्या 5व्या अध्यायात आजारी बाई येशूच्या वस्त्राला हात लावते तिथे हेच क्रियापद आहे आणि तिथे अर्थ निव्वळ स्पर्शाचा. म्हणजे नुसत्या धातूवरून निकाल लागत नाही. रूप पाहावे लागते. इथे वर्तमानकाळी आज्ञार्थ आहे, आणि निषेधात तो बहुधा चालू असलेली क्रिया थांबवायला सांगतो. बहुधा म्हणतो, कारण हा नियम काही अपवादाविना चालत नाही. मरीयेने त्याला धरले होते असे योहान लिहीतही नाही. पण मत्तयाच्या 28व्या अध्यायात स्त्रिया येशूचे पाय धरतात, त्यामुळे ते चित्र डोळ्यांपुढे येतेच.

मराठीत ‘नकोस’ दोन्हीकडे चालते. रडणाऱ्याला ‘रडू नकोस’ म्हटले की ‘थांब’, न रडणाऱ्याला म्हटले की ‘सुरू करू नकोस’. हा फरक आपण प्रसंगावरून ओळखतो, ग्रीकमध्ये तो बहुधा रूपातच असतो. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमच्या ‘नोली मे तांगेरे’ने (‘मला शिवू नकोस’) तो पुसला आणि पुढे चित्रकारांनीही हात आखडणारा येशूच रंगवला.

‘शिवू नकोस’ला मराठीत आणखी एक अडचण आहे, विटाळाची. शिवाशिवीचा वास त्या शब्दाला चिकटलेला आहे, मूळ ग्रीकमध्ये त्याचा मागमूस नाही.

मग काय लिहावे? ‘धरून बसू नकोस’ जवळचे आहे, पण ‘बसू’ने किंचित वैताग येतो. क्षणापूर्वी तिला नावाने हाक मारणारा, जिच्या तोंडून ‘रब्बूनी’ (गुरुजी) निघाले तिच्याशी बोलणारा माणूस असा वैतागेल असे मला वाटत नाही. मी ‘आता सोड मला’ लिहीन. पुढचे वाक्यही मग नीट लागते: मी अजून पित्याकडे वर गेलेलो नाही, तू जा आणि माझ्या भावांना सांग. थोमाचा प्रसंग तर निराळाच. त्याने कुठे धरले होते? त्याला खात्री हवी होती.