मुलांना कष्टाची किंमत कशी शिकवावी? आधी त्यांची टीप उसवू नका

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा नऊ वर्षांचा, घरातल्या कामाला हात लावत नाही, लावलाच तर अर्धवट टाकून पळतो, बोललं की उलट उत्तर देतो. घरातले म्हणतात दोन धपाटे घाला, सरळ होईल. शिस्त, मोठ्यांचा आदर आणि कष्टाची किंमत कशी शिकवायची आणि कामाचे पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

ते 'दोन धपाटे' वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य माझ्या मोठ्या भावाने माझ्याच घरात, माझ्या मुलासमोर मला ऐकवलं होतं. आणि त्या वेळी चूक मुलाची नव्हतीच. माझी होती.

मी २२ वर्षं शिवणकाम करते, घरातच. मुलगा मशीनच्या आवाजात वाढला. सहाव्या वर्षी बॉबिन भरायला लागला, नवव्या वर्षी खुर्चीच्या टोकावर बसून, पाय कसेबसे पोचवत सरळ टीप मारायला शिकला. तो दहा वर्षांचा असताना माझे सासरे त्याला म्हणाले, "मला एक पिशवी शिवून देशील का? गोळ्यांची फार सरमिसळ होते. तीन कप्पे कर. सकाळ, दुपार, रात्र." मी तिथेच बसले होते. पण त्यांनी मागितलं ते त्याच्याकडे.

चार दिवस तो त्या पिशवीला चिकटून होता. जुन्या जीन्सचा पाय कापला, खडूने रेघा मारल्या, आजोबांची गोळ्यांची पाकिटं खरोखर कापडावर मांडून मापं घेतली. मला विचारायला एकदाही आला नाही आणि मीही गेले नाही, तेवढं मात्र बरोबर केलं. चौथ्या दिवशी रात्री पिशवी टेबलावर ठेवून तो झोपला. उद्या सकाळी देणार होता.

मी ती उचलून पाहिली. टीप नागमोडी गेलेली. मधला कप्पा बाजूच्या दोन कप्प्यांच्या मानाने चांगलाच अरुंद. कोपऱ्यांवर एकाच जागी तीन-तीनदा टीप मारून दोऱ्याचा गठ्ठा झालेला. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते. सासरे ही पिशवी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार, आणि लोक म्हणणार, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरातलं काम बघा. ब्लेड घेतलं, सगळी टीप उसवली, तिन्ही कप्पे सारखे केले आणि पाऊण तासात पुन्हा शिवून पिशवी होती तिथे ठेवून दिली. मला वाटलं त्याला कळणार नाही. कळलं तर आनंदच होईल.

जीन्सचं कापड जाड असतं. टीप उसवली तरी सुईची भोकं राहतात. सकाळी त्याने पिशवी उलटी करून उजेडात धरली. माझ्या सरळ टिपेच्या बाजूने त्याच्या भोकांची वाकडी रांग गेली होती, तिच्यावरून त्याने बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"ही तू शिवलीस."

"थोडी सारखी केली फक्त. काम तुझंच आहे रे."

तो काही बोलला नाही. आजोबांना पिशवी नेऊन दिली आणि म्हणाला, "आईने शिवली आहे." संध्याकाळी सासऱ्यांनी मला बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, "सूनबाई, पिशवी छान आहे. पण मी त्याच्याकडे मागितली होती."

त्यानंतर तो मशीनला शिवला नाही. बॉबिन भरणंही बंद. पुढे पुढे बाकीची कामंही सुटत गेली. कपड्यांच्या घड्या अर्ध्या टाकायच्या, कपाट अर्धं लावायचं. ओरडले की म्हणायचा, "तूच कर. नाहीतरी तू परत करणारच आहेस." हे झालं त्याचं उलट बोलणं. नेमकं हेच एकदा दादाच्या कानावर पडलं. "धाक म्हणून नाही या घरात. दोन ठेवून दे, मग बघ कसा सुतासारखा सरळ येतो." मुलगा दारात उभा होता. मी गप्प बसले.

पण ते मनातून जाईना. पुढचं वर्षभर या विषयावर मिळेल ते वाचून काढलं, खरं तर दादाला उत्तर द्यायला. सापडलं ते मात्र मलाच उत्तर देणारं होतं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली या संशोधकांनी २०१२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसं स्वतःच्या हाताने कागदाच्या ओबडधोबड घड्या घालून वस्तू करतात आणि तिची किंमत जवळपास कसबी माणसाच्या वस्तूइतकी लावतात. बाहेरच्याला तीच वस्तू कवडीमोलाची वाटते. घरी जोडायचं फर्निचर विकणाऱ्या आयकिया या कंपनीवरून याला 'आयकिया इफेक्ट' असं नाव पडलंय. मला खिळवून ठेवलं ते त्यातल्या पुढच्या भागाने. ज्यांची वस्तू जोडून झाल्यावर पुन्हा सुटी केली गेली, त्यांच्यात ही वाढलेली किंमत राहिली नाही. ते प्रयोग मोठ्या माणसांवरचे होते. पण मला ते समजायला माझ्या घरातली एक पिशवी पुरेशी होती.

त्यामुळे तुमचं 'अर्धवट टाकून पळतो' वाचून मला पहिला प्रश्न पडला तो हा, की तो पळाल्यावर ते काम कोण करतं? त्याने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडून नीट कोण घालतं? तो झाडून गेला की त्याच्या मागोमाग झाडू कोण फिरवतं? तुम्ही, आजी, कुणीही असो, ते आजपासून बंद करा. वाकडी घडी कपाटात तशीच राहू द्या. आपल्या कामाची किंमत शून्य आहे हे मूल आपल्या हालचालीतून शिकतं, आणि मग आपणच त्याला कष्टाची किंमत शिकवायला बसतो.

आता पैशांचं. रोजच्या घरकामाचे पैसे देऊ नका, हे माझं ठाम मत. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा २००६ सालचा प्रयोग आहे. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोचत नाही, आणि दीड वर्षाचं मूल दुडुदुडु जाऊन तो उचलून देतं. कुणी सांगितलेलं नसतं, बक्षीस नसतं. २४ मुलांपैकी २२ मुलांनी अशी काही ना काही मदत केली. पुढे २००८ साली त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळणं द्यायला सुरुवात केली. नंतर बक्षीस थांबवल्यावर हीच मुलं, काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चित्रं काढणाऱ्या छोट्या मुलांमध्येही असंच दिसलं होतं. ज्यांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, ती मुलं पुढच्या आठवड्यांत बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. म्हणजे मदतीची हौस मुलात असते, आपण तिची मजुरी करून टाकतो.

पण बाहेरचं, खरं पैशांचं काम असेल तर द्यावेत, आणि पूर्ण द्यावेत. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. माझ्या ऑर्डरची काजं-बटणं करतो तेव्हा बाहेरच्या माणसाला देते तोच दर त्याला देते. स्वतःचं ताट उचलण्याचे मात्र काही नाही.

शिस्तीबद्दल फार लिहीत नाही. एक ठरलेलं काम, ठरलेली वेळ, आणि ते नाही केलं तर होणारा त्रास त्याचा त्याला होऊ देणं. गणवेश धुवायला टाकला नाही तर मळलेला घालून जायचं. यात ओरडण्याची गरज नसते. गरज असते ती आपण मध्ये न पडण्याची, आणि तेच जड जातं.

आदराचं मात्र सांगायचंय. 'मी नाही करणार' म्हणणं म्हणजे अनादर नव्हे. समोरच्याला हिणवणं हा अनादर. माझ्या मुलाने मला जे ऐकवलं ते बोचरं होतं, पण शब्दन् शब्द खरं होतं. मला ते मान्य करायला चौदा महिने लागले. एका रात्री त्याच्या अंथरुणावर जाऊन बसले आणि म्हटलं, "पिशवी मी उसवायला नको होती. चुकलं माझं."

त्याने विचारलं, "का उसवलीस?"

मी खरं सांगितलं. मला लोकांची लाज वाटली.

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "आई, मधला कप्पा चुकला नव्हता. आजोबांना दुपारची एकच गोळी असते. मोठा कप्पा केला असता तर पाकीट घसरून पडलं असतं. आणि कोपऱ्यांवर तीनदा टीप मारली कारण त्यांचा हात थरथरतो, ते ओढून उघडतात."

तेव्हा मला आठवलं, सासरे दुपारचं पाकीट त्या पिशवीत कधी ठेवतच नसत. सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. माझ्या सरळ, सारख्या कप्प्यातून ते पडत असणार, आणि माझं मन राखायला ते बोलले नव्हते. दहा वर्षांच्या पोराने माणूस बघून माप घेतलं होतं. मी फक्त कापड बघितलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मशीनवर दोन भरलेल्या बॉबिन होत्या. मी त्याबद्दल त्याला काही विचारलं नाही.

मोठ्यांनी मुलाजवळ 'चुकलं' म्हटल्याने वचक जातो, असं तुमच्या घरातलेही म्हणतील. माझा अनुभव उलटा आहे. त्या रात्रीनंतर तो मला खोटं बोलला नाही असं मी म्हणणार नाही, पण स्वतःच्या चुका येऊन सांगायला लागला.

आणि धपाट्यांचं. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यास, म्हणजे जवळपास १,६०,००० मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. फटके खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा जास्त, आईवडिलांशी नातं जास्त बिघडलेलं. वागणं सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "अगं, व्रात्य पोरं म्हणूनच मार खातात ना?" मुद्दा बरोबर आहे, अशा अभ्यासांतून आधी काय आणि नंतर काय हे सुटं करणं अवघडच. पण मग औषध गुण देत नाही आणि त्रास होताना दिसतोय, तर ते पाजायचं कशाला? स्वीडनने १९७९ साली घरातही मुलांवर हात उगारायला कायद्याने बंदी घातली, जगात सगळ्यात आधी. तिथली पिढी काही वाया गेली नाही.

दादाचा मुलगा कष्टाळू आहे, हे मी कबूल करते. पहाटे उठतो, काम चोख करतो, कुणाला दुखवत नाही. दादा त्याचंच उदाहरण देतो. पण त्या मुलाच्या हातून गाडीला पोचा पडला, तेव्हा त्याने पहिला फोन मला केला. "आत्या, बाबांना कसं सांगू?" चोवीस वर्षांचा कमावता मुलगा, आणि आवाज कापत होता. धाकाचा हिशेब करताना हेही त्यात धरायला हवं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. काम खरोखर वाईट झालं असेल तर गोड बोलून झाकू नका. 'हे सुटेल' असं सांगा, का सुटेल ते दाखवा, पण उसवायचं असेल तर त्यानेच उसवावं. जिथे जिवाला धोका आहे, आग, वीज, रहदारी, तिथे हे काही लागू नाही, तिथे सरळ हात धरून थांबवायचं. आणि मूल अचानक सगळ्यातूनच मन काढून घेत असेल, झोप आणि भूक बदलली असेल, तर तो आळस नसू शकतो, डॉक्टरांना दाखवा. शिवाय मी एकाच मुलाची आई आहे. तुमचा मुलगा वेगळा असेल, तुम्हीच त्याला ओळखता.

दादा हे वाचेल, त्याला मी लिंक पाठवणार आहे. दादा, त्या दिवशी तू म्हणालास आणि मी गप्प बसले, ते तुझं पटलं म्हणून नव्हे. दोष माझा आहे हे मला तेव्हाच कळत होतं आणि तुझ्यासमोर ते कबूल करायचं धाडस नव्हतं. माझा मुलगा दारात उभा राहून वाट बघत होता, आई काय बोलते याची.