गरवणे

एका वाचकाचा प्रश्न आहे: “मालवणकडच्या माझ्या लहानपणाविषयी लिहिताना मी ‘सुट्टीत आम्ही तळीवर गरवायला जायचो’ असं वाक्य लिहिलं होतं. तपासून परत आलं तेव्हा त्याचं ‘तलावावर मासेमारी करायला जायचो’ झालं होतं. गरवणे हा शब्द अशुद्ध आहे का? गारव्याशी त्याचा काही संबंध आहे का?”

गारव्याशी संबंध नाही आणि फणसाच्या गऱ्यांशीही नाही. गरी म्हणजे मासे धरायचा गळ, आणि गरी टाकून मासे धरणे म्हणजे गरवणे. रंगावरून रंगवणे, खिळ्यावरून खिळवणे, तसंच हे. मालवणीत ‘गरवूक’, रत्नागिरीकडे ‘गरवायला’. शब्द अशुद्ध मुळीच नाही. उलट तुमचं वाक्य बिघडलं ते दुरुस्तीमुळे.

मासेमारी हा धंद्याचा शब्द आहे. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते, तिथे तो अगदी चपखल बसतो. पण चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी खांद्यावर टाकून निघालेल्या दहा वर्षांच्या पोराला “खंय चललंस?” म्हणून विचारलं, तर “मासेमारी करूक” असं उत्तर कधी कुणी ऐकलंय? “गरवूक!” एवढंच म्हणून तो पुढे पळायचा.

कोकणात या कामांसाठी एकच एक क्रियापद नाहीच, आणि मला या भाषेचं हे फार मोठं वैभव वाटतं. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून मासे आणायचे तर ते पागणे. कुर्ल्या (खेकडे) धरायच्या, कालवं खडकावरून काढायची, तिसऱ्या (शिंपल्या) वाळूतून उकरायच्या. नुसतं क्रियापद ऐकलं तरी माणूस कुठे उभा आहे आणि त्याच्या हातात काय आहे ते कळतं. पहिल्या मोठ्या पावसात व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात चढणारे चढणीचे मासेसुद्धा धरतात, गरवत नाहीत. पाणी गढूळ, ओढ जोराची, मासा अंडी घालायच्या घाईत. तिथे गरीचं काय काम? (हे अंडी भरलेले मासे सरसकट मारून आपण आपलेच व्हाळ रिकामे करत आणले आहेत, हे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.) गरवायचं ते पाणी निवळल्यावर.

आणि गरवण्यात नुसता गळ टाकणं येत नाही. आदल्या संध्याकाळी माडाच्या आळ्यातली ओली माती उकरून करवंटीत गांडुळं जमवायची, तिथपासून गरवणं सुरू होतं. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दुकानात वावावर मोजून मिळायचा. काठीला तंगूस, तंगुसाला गरी, आणि गरीच्या वर हातभर अंतरावर मोरपिसाचा देठ बांधायचा. तो देठ पाण्यावर तरंगतो आणि खाली काय चाललंय ते सांगतो. बारीक थरथरला तर चिल्लीपिल्ली गांडूळ कुरतडताहेत, काठी हलवायची नाही. टपकन बुडून वर आला तर मासा चाखून बघतोय, अजून थांबायचं. तिरका होऊन एका बाजूला सरकायला लागला की मात्र हिसका द्यायचा, आणि तोही वर नाही, आडवा.

शेंगटी लागली तर खरी परीक्षा पुढेच. तिला पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे. गरी सोडवताना ती काटे ताठ करून कुरकुर आवाज करते. तळहात पोटाखालून सरकवून, बाजूचे काटे दोन बोटांच्या बेचक्यात येतील असा धरला तरच हात वाचतो. काटा लागला की संध्याकाळपर्यंत ठणका. मरळ मिळाली तर दिवस सोन्याचा. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ओल्या फडक्यात गुंडाळून नेली तर घरी पोचेपर्यंत जिवंत. आजी तिला चुलीतली राख चोळून बुळबुळीतपणा काढायची आणि सोलं घालून तिखलं करायची. खाडीच्या काठावर गरीला गांडुळाऐवजी सुंगट, म्हणजे कोळंबी, लावायचं आणि तांबोशीची आशा धरायची.

या सगळ्याला प्रमाण मराठीत काय म्हणाल? ‘गळ टाकणे’ म्हटलं की मासा बाजूलाच राहतो आणि कुणीतरी कुणालातरी फसवतोय असं वाटायला लागतं. ‘गळाला लागला’ हे तर आता माणसांबद्दलच जास्त ऐकू येतं. ‘गळ घालणे’ म्हणजे आग्रह करणे. ‘गळाने मासे पकडणे’ हा अर्थ झाला, शब्द नव्हे. गरवणे मात्र या लाक्षणिक अर्थांपासून सुटलेलं आहे. त्यात फक्त पाणी, काठी आणि बसून राहणं आहे.

दुरुस्तीतला ‘तलाव’ही मला खटकला. आमच्याकडे तळी म्हणजे बहुधा देवळाजवळची, पायऱ्या उतरून जायची, दोन-चार पोरांना पुरेल एवढी. तलाव म्हटलं की मालवण तालुक्यातला धामापूरचा डोळ्यांसमोर येतो. तो 1530 सालचा, डोंगरांच्या कुशीतला, आणि 2020 साली जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळालेला. तुम्ही तळीवर गेला असाल तर तळीच लिहा.

बाजारात ‘गरीचा मासा’ म्हटलं की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजतं, कारण तो जाळ्यात चेंगरलेला नसतो. म्हणजे शब्द आजही रोजच्या व्यवहारात आहे. वाचकाला अडेल असं वाटत असेल तर पहिल्यांदा येईल तिथे ‘गरी घेऊन गरवायला’ एवढं लिहा, अर्थ आपोआप उलगडेल. पुढे नुसतं गरवायला, गरवताना, गरवलेला मासा असं बिनधास्त चालवा. अवतरणचिन्हंही घालू नका.