नवीन बॉल पायथन (पाळायचा छोटा अजगर) आणून चार दिवस झाले, काही खात नाही आणि दिवसभर लपून बसतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू चार महिन्यांचं आहे, आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी उंदीर दिला तर त्याने तोंड फिरवलं, दिवसभर हाइडमध्ये (लपायच्या गुहेत) बसून असतो, आणि त्याला तुमची सवय व्हावी म्हणून तुम्ही रोज अर्धा तास हातात घेऊन बसता. यातलं शेवटचं आजपासून बंद करा प्लीज. बाकीचं सगळं नवीन घरात आलेल्या बॉल पायथनचं अगदी नॉर्मल वागणं आहे.

मी मिनियापोलिसला राहते, माझ्याकडची मादी आता नऊ वर्षांची आहे आणि ती आली तेव्हा मी तुमच्यासारखंच सगळं केलं होतं. दर तासाला झाकण उघडून बघायचं, मैत्रिणी आल्या की बाहेर काढून दाखवायचं, ती गोल गोळा करून डोकं आत लपवायची आणि आम्हाला वाटायचं किती गोड. बॉल हे नावच त्यावरून पडलंय, पण तो गोळा म्हणजे तिची भीती असते हे मला फार उशिरा कळलं. सात आठवडे काहीही खाल्लं नाही तिने. रात्री झोप लागायची नाही मला.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन हा सगळा पट्टा. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात अंग चोरून पडून राहतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. म्हणजे तुमचा दिवसभर लपतोय तो उदास नाहीये, त्याला लपायला जागा मिळाली हीच चांगली बातमी आहे. फक्त ती जागा बिळासारखी घट्ट हवी, वेटोळं घालून बसल्यावर दोन्ही बाजू अंगाला टेकल्या पाहिजेत, आणि अशा दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच असली तर तो बिचारा ऊब सोडून लपणंच निवडतो आणि मग गारव्यात अन्न पचत नाही म्हणून खातही नाही. दुकानातलीच महाग गुहा पाहिजे असं काही नाही, प्लास्टिकचा डबा उपडा घालून दार कापलं आणि कडा घासून गुळगुळीत केल्या तरी चालतं. टाकी काचेची असेल तर तीन बाजूंना बाहेरून कागद लावा, आत खोटी पानं, झाडाच्या सालीचे तुकडे असं भरपूर टाका, उघडं मैदान ठेवू नका.

आता तापमान, कारण माझी खरी चूक इथे होती. दुकानदाराने काचेवर चिकटवायचा गोल काट्याचा मीटर दिला होता, तो मी वरच्या बाजूला लावला, त्यात ८५ फॅरनहाइट दिसायचं आणि मी खुश. सहा आठवड्यांनी टेम्परेचर गन आणून हाइडच्या आतली जमीन मोजली तर ७६! साप जमिनीवर राहतो, काचेच्या वरच्या कोपऱ्यात नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. उबदार बाजूची जमीन ८८ ते ९२ फॅरनहाइट हवी, म्हणजे साधारण ३१ ते ३३ सेल्सियस, आणि थंड बाजू ७६ ते ८०. हीट मॅट असो की दिवा, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राशिवाय) अजिबात लावू नका, साप भाजेपर्यंत त्याच जागेवर बसून राहू शकतो. गरम होणारे दगड मिळतात ते तर आणूच नका. मी थर्मोस्टॅट लावला, हात लावणं बंद केलं आणि नवव्या दिवशी तिने उंदीर घेतला, मी किचनमध्ये उभी राहून रडले होते तेव्हा.

दमटपणा साधारण ६० ते ७० टक्के ठेवा. तुम्ही न्यू जर्सीत आहात, थंडीत घरातला हीटर हवा पार कोरडी करून टाकतो, मग कात एका तुकड्यात न निघता चिंध्या चिंध्या होऊन अंगावर राहते. खाली नारळाच्या सोडणाचा जाड थर घाला, कोपऱ्यांमधून पाणी ओता म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहील, आणि जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाका, हवेला थोडी जागा सोडून. सीडार किंवा पाइनचा भुसा नको. डोळे निळसर दुधी झाले तर कात येतेय असं समजा, त्या दिवसांत ना हात लावायचा ना खायला द्यायचं.

खाण्याचं म्हणाल तर आजपासून पूर्ण सात दिवस काहीच देऊ नका, फक्त पाणी बदला. ज्यांच्याकडून आणला त्यांना विचारा की तिकडे काय खायचा, माऊस (छोटा उंदीर) का रॅट (मोठा उंदीर), जिवंत का फ्रोझन, कारण हे साप ओळखीचं खाणंच आधी घेतात. फ्रोझन असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये विरघळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, अंग चांगलं कोमट लागलं पाहिजे, त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात आणि गार उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, जास्त नको. संध्याकाळी दिवे मंद करून चिमट्याने द्या, नाही घेतला तर रात्रभर आत ठेवा, सकाळी टाकून द्या आणि पुढचा आठवडाभर विषय बंद. रोज रोज समोर नाचवलं तर तो आणखी घाबरतो. जिवंत उंदीर सोडून तुम्ही बाजूला तर अजिबात जाऊ नका, उंदीर सापाला कुरतडतो.

किचनच्या वजनकाट्यावर आठवड्याला एकदा वजन घ्या, छोट्या डब्यासकट उचलून, पण हेही पहिला आठवडा झाल्यावरच. मोठे बॉल पायथन महिनोन्महिने उपास करतात आणि काही होत नाही, पिल्लाला मात्र तेवढी सवड नसते, म्हणून वजन दहा टक्के घटलं, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडाशी बुडबुडे येतायत असं दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे लगेच. पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके दिसले तर त्या माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) असतात, तेव्हाही थांबू नका.

सलग दोन तीन वेळा नीट खाल्लं की मग हातात घ्या, आठवड्यातून दोनदा, पाच दहा मिनिटं. वरून झडप घातल्यासारखं नाही, कारण त्याच्या हिशोबात वरून येणारा हात म्हणजे शिकारी पक्षी, बाजूने आणि खालून आधार देऊन उचला. खाल्ल्यावर ४८ तास नाही. नंतर हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो.

माझी आई पुण्याहून फोनवर पहिल्यांदा म्हणाली होती की वाटीभर दूध ठेवून बघ गं. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, घरच्यांपैकी कुणी सुचवलं तर प्रेमाने सांगा. आता ती फोन केला की आधी विचारते, जेवली का ती?

आणि घाई खरंच करू नका हो. सेंट लुईसच्या झूमध्ये १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, सात अंडी घातली होती, आणि तुमच्या पिल्लाचे तर नवीन घरातले हे चारच दिवस आहेत. भारतातून कुणी वाचत असेल तर एवढंच, आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथन विदेशी असला तरी त्याची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते.

आज रात्री झाकण न उघडता आधी थर्मोस्टॅटचा सेन्सर नेमका कुठे आहे ते बघा. उद्या तो थंड बाजूला गेलेला असेल तेव्हा उबदार हाइडच्या आतली जमीन मोजा आणि आकडा मला सांगा, त्यावरून पुढचं बोलू.