नवी नोट करकरीत का?

प्रश्न : आमच्या घरी कापशीची नवी चप्पल आली, की पहिले काही दिवस ती करकर वाजते. परवा नातीने विचारले, "आजी, चप्पल करकर वाजते म्हणून नवी नोटसुद्धा करकरीत का?" शब्दाच्या आवाजाचा अर्थाशी खरोखर संबंध असतो, की ती आपल्या कानाची सवय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भाषेतल्या बहुतेक शब्दांपुरते बोलायचे, तर हा संबंध रूढीनेच ठरतो. आपल्या सीमाभागात एकाच दुधाला मराठी माणूस 'दूध' म्हणतो आणि कानडी माणूस 'हालु'. मराठी कानाला मात्र 'हाल' म्हटले की कष्ट आठवतात. सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाच्या १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत याच यादृच्छिकतेवर, म्हणजे आवाज आणि अर्थ यांत उपजत नाते नसण्यावर, भर आहे.

वाद मात्र पुष्कळ जुना आहे. 'काक' हा शब्द त्या पक्ष्याच्या आवाजाचे अनुकरण आहे, असे यास्क या प्राचीन पंडिताने 'निरुक्त' या शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथात म्हटले आणि असे अनुकरण नसतेच, हे औपमन्यव या दुसऱ्या आचार्यांचे विरोधी मतही तिथेच नोंदवले. मला यास्काची बाजू पटते. पण अनुकरणसुद्धा ज्या त्या भाषेच्या चाळणीतून गाळूनच येते. आपला कोंबडा 'कुकूचकू' करतो, जपानी कोंबडा 'कोकेकोक्को'.

आता करकर. 'अ'च्या जागी 'इ' घालून पाहा : जाड चामड्याची करकर, पण आजारी पोराची किरकिर, दारावर टकटक, पण घड्याळाची टिकटिक. 'इ' उच्चारताना जीभ टाळूकडे उचलली जाते, तिच्यापुढची पोकळी आखडते आणि आवाज बारीक लागतो. लहान वस्तूंचा आवाजही बहुधा बारीकच असतो. एडवर्ड सपीर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली लोकांना 'मिल' आणि 'माल' हे दोन बनावट शब्द देऊन त्यांतला मोठ्या टेबलाचा कोणता, असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी 'माल' निवडला. हा कल आहे, नियम नव्हे. नाहीतर 'विराट' शब्दात 'इ' आणि 'लहान' शब्दात 'आ' आला नसता.

नातीचा तर्क मला फार मोलाचा वाटतो. कोरा कागद आणि कोरे चामडे दोन्ही वाजतात आणि वापराने मऊ पडले की गप्प होतात. म्हणून करकर ही नवेपणाची खूण झाली आणि 'करकरीत' म्हणजे नवेकोरे, असा अर्थ रुळला असावा. 'झणझणीत'चा प्रवास याहून लांबचा आहे. झांजेवर झांज आपटली की उमटणारी झणझण आधी कानाची; तोच कंप अवघडलेल्या पायात जाणवला की झिणझिण्या येतात, आणि जिभेवर जाणवला की तांबडा रस्सा झणझणीत होतो. रश्श्याला स्वतःचा आवाज नाही, पण तो भुरकताना जिभेवर जी थरथर उठते तिला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

नातीला 'किर्र अंधार'ही विचारावा. अंधाराला आवाज नसतो. किर्र हा रातकिड्यांचा आवाज, आणि तो गर्द काळोखात इतक्या वेळा कानी पडतो, की रातकिडे गप्प असले तरी अंधार आपल्याला किर्रच वाटतो.